जहाल कोणासाठी?

खरिपाची पिके कमरेला लागली की मराठी कृषी सल्ल्यांच्या भाषेत एक विशेषण हमखास डोके वर काढते. ‘करप्याचा जहाल प्रादुर्भाव’, ‘तांबेऱ्याची जहाल जात’, ‘जहाल औषधाची फवारणी’. रोग जहाल, रोगकारक जहाल आणि उपायही जहाल. एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि वाचणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून फक्त एकच गोष्ट पोहोचते : भीती. सल्ला देणाऱ्याला नेमके काय म्हणायचे होते, हे त्याच्याही मनात पुष्कळदा स्पष्ट नसते. कृषी विद्यापीठांच्या पत्रकांपासून कृषी सेवा केंद्रांच्या फलकांपर्यंत हा शब्द इतका सैल वापरला जातो की त्याचा एकदा हिशेब मांडणे आवश्यक झाले आहे.

हा शब्द मराठीत गाजला तो शेतीमुळे नव्हे, राजकारणामुळे. जहाल आणि मवाळ ही जोडी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून प्रत्येक मराठी माणसाच्या ओळखीची आहे. या जोडीचा उत्तरार्ध ज्या ठिकाणी घडला, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे मद्रासमधील अड्यार. अड्यार नदीच्या मुखाजवळ थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय १८८२ साली आले आणि १९०७ साली अ‍ॅनी बेझंट त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. योगायोग असा की त्याच वर्षाअखेरीस सुरतेला काँग्रेस फुटली आणि जहाल व मवाळ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढे १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तर सप्टेंबरमध्ये बेझंटबाईंनी मद्रासेत आपली स्वतंत्र लीग उभी केली. जून १९१७ मध्ये मद्रास सरकारने बाईंना जहाल ठरवून स्थानबद्ध केले आणि त्या अड्यारहून निलगिरीतील उटकमंडला गेल्या. सप्टेंबरमध्ये सुटका झाली आणि डिसेंबरात त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. मात्र तीनच वर्षांनी, असहकाराच्या चळवळीला त्यांनी विरोध केला तेव्हा त्यांची गणना मवाळांत होऊ लागली. बाईंची मते फारशी बदलली नव्हती. त्यांच्याभोवतीचा देश बदलला होता.

टिळकांनी हे आधीच ओळखले होते. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्यातील भाषणात त्यांनी असे प्रतिपादन केले होते की जहाल आणि मवाळ ही कायमची लेबले नसून काळाच्या संदर्भाने ठरणारी सापेक्ष विशेषणे आहेत. कालचे जहाल आज मवाळ ठरले आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. राजकारणातील हे निरीक्षण वनस्पतिरोगशास्त्राला तंतोतंत लागू पडते, आणि मराठी कृषिलेखनाला नेमका त्याचाच विसर पडला आहे. रोगकारक स्वतःहून जहाल नसतो. तो कोणत्या तरी वाणासाठी जहाल असतो.

बेझंटबाई ज्या निलगिरीत स्थानबद्ध होत्या, त्याच डोंगरात गव्हाच्या तांबेऱ्याचे बीज उन्हाळाभर जिवंत राहते. उत्तरेच्या आणि मध्य भारताच्या मैदानांत मार्च-एप्रिलनंतर उन्हाने तांबेऱ्याचे बीजाणू नष्ट होतात. मग पुढच्या हंगामात रोग येतो कोठून, या प्रश्नाने आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांना अनेक वर्षे झपाटले होते. युरोप-अमेरिकेत दारुहळदीच्या वर्गातील झुडपे काळ्या तांबेऱ्याला आसरा देतात. भारतात तसे घडत नाही, हे त्यांनी दाखवले. येथे रोग टिकतो तो डोंगरावरील थंड हवेत, बेहंगामी आणि आपोआप उगवलेल्या गव्हाच्या रोपांवर. उत्तरेला हिमालय, दक्षिणेला निलगिरी आणि पळणी. मेहतांचा हा सविस्तर ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. महाबळेश्वर येथील गहू तांबेरा संशोधन केंद्राचे काम याच प्रश्नाशी जोडलेले आहे.

दक्षिणेच्या डोंगरातून हे बीजाणू विदर्भ-माळव्यापर्यंत कसे पोहोचतात, याचे उत्तर १९७० च्या दशकात डॉ. एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात साधारण १० ते १५ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान वादळ किंवा कमी दाबाचा पट्टा निर्माण होऊन मध्य भारतावर विरावा, दक्षिण-मध्य भारतावर जास्त दाबाचे क्षेत्र टिकून असावे आणि पश्चिमी विक्षोभाने निर्माण झालेली द्रोणी दक्षिणेपर्यंत खाली उतरावी. या अटी जुळल्या की निलगिरीवरील बीजाणू उंच हवेतून वाहत येऊन पावसाच्या थेंबांबरोबर शेकडो कोसांवरील गव्हावर उतरतात. अड्यार तेराव्या अक्षांशावर, नेमके या वादळांच्या वाटेवर आहे. तेथील जगप्रसिद्ध वडाचे मूळ खोड १९८९ मध्ये वादळात कोसळले. पारंब्यांवर तो वृक्ष आजही उभा आहे. ज्या वादळांनी चेन्नईत झाडे पडतात, त्याच जातीची वादळे पुढे महाराष्ट्राच्या गव्हावर कोणता पाहुणा आणून सोडतील, याचा विचार सामान्यतः कोणी करीत नाही.

आता प्रश्न असा, की हा पाहुणा जहाल आहे की नाही? याचे उत्तर बीजाणूकडे पाहून देता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या तांबेऱ्याच्या दोन वंशांचे बीजाणू सारखेच दिसतात. त्यांची ओळख पटते ती गव्हाच्या निवडक वाणांच्या संचावर ते सोडल्यावर. एका वाणावर बारीक पिवळसर ठिपका पडून रोग तेथेच थांबतो, तर दुसऱ्या वाणावर भरघोस फोड येतात. पहिल्या वाणासाठी तो वंश निरुपद्रवी, दुसऱ्यासाठी जहाल. अमेरिकेत स्टॅकमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत रूढ केली. शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात आजही देशभरातून आलेल्या तांबेऱ्याच्या नमुन्यांची अशीच परीक्षा होते.

यामागचे कारण उलगडले ते एका अशा पिकावर, जे विदर्भाच्या घरोघरी ओळखीचे आहे : जवस. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात हॅरल्ड फ्लॉर यांनी १९४० च्या दशकात जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास केला आणि एक विलक्षण साधा नियम मांडला. वनस्पतीतील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला रोगकारकात एक जोडीदार जनुक असते. जोडी जुळली की वनस्पती शत्रूला ओळखते आणि स्वतःच्या काही पेशींचा बळी देऊन त्याला तेथेच कोंडते. रोगकारकाच्या त्या जनुकात बदल झाला की ओळख पुसली जाते आणि वाण उघडा पडतो. म्हणजे जहालपणा अनेकदा नवे शस्त्र मिळाल्याने येत नाही, तर जुनी ओळखखूण हरवल्याने येतो. शत्रू बलवान झालेला नसतो. तो अनोळखी झालेला असतो. ‘जहाल’ हा मराठी शब्द ऐकताना विखार, आग, तिखटपणा असे जे काही मनात उभे राहते, त्याचा या प्रक्रियेशी फारसा संबंध नाही.

हा भेद केवळ प्रयोगशाळेपुरता असता तर त्यावर शब्द खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु पीबीडब्ल्यू ३४३ या वाणाचे काय झाले ते आठवावे. १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रसारित झालेला हा गहू उत्तर भारतात लक्षावधी हेक्टरांवर पसरला. पिवळ्या तांबेऱ्यापासून त्याचे रक्षण करणारे वायआर-२७ हे जनुक २००१ च्या सुमारास पंजाबात आढळलेल्या नव्या वंशाने निष्प्रभ केले. तो वंश इतर वाणांवर काही अधिक भयंकर नव्हता. या एका वाणाची कुलुपे मात्र त्याला उघडत होती, आणि दुर्दैवाने सगळी घरे त्याच कुलुपाची होती. १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या आणि १९९९ मध्ये नामकरण झालेल्या यूजी-९९ या काळ्या तांबेऱ्याच्या वंशाबद्दलही हेच म्हणावे लागते. जगभरच्या गव्हात राईपासून आलेले एसआर-३१ हे जनुक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले होते आणि या वंशाने नेमके तेच जनुक ओलांडले. येमेन ओलांडून तो २००७ पर्यंत इराणमध्ये पोहोचल्याचे स्पष्ट झाले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘महाभयंकर’ ठरवले. भय खरे होते. पण ते त्या बुरशीच्या स्वभावात नव्हते, एकाच जनुकावर विसंबलेल्या शेतीत होते. जहाल म्हणून बुरशीला दोष दिला की वाण निवडणाऱ्याची आणि वाण विकणाऱ्याची जबाबदारी सोयीस्करपणे दृष्टिआड होते.

दुसरी गल्लत आहे ती जहालपणा आणि आक्रमकता यांची. दक्षिण आफ्रिकेचे व्हॅन डर प्लँक यांनी १९६० च्या दशकात या दोहोंत स्पष्ट रेषा ओढली. वाणाचे कुलूप उघडते की नाही, हा एक प्रश्न. कुलूप उघडल्यानंतर घर किती वेगाने लुटले जाते, हा दुसरा. एखादा वंश कुलूप उघडतो, परंतु त्याचे फोड उशिरा येतात, लहान असतात, बीजाणू कमी सोडतात. असा वंश हंगाम संपेपर्यंत फारसे नुकसान करीत नाही. दुसरा आठवड्याभरात पिढी पुरी करून हजारो बीजाणू वाऱ्यावर सोडतो. पहिल्यासाठी वाण बदलण्याचा विचार पुढच्या हंगामापर्यंत थांबू शकतो, दुसऱ्यासाठी फवारणी उद्यावर टाकता येत नाही. दोघांनाही ‘जहाल’ म्हटल्याने शेतकऱ्याच्या हाती निर्णय घेण्यासारखे काहीच उरत नाही.

आणि तिसरी गल्लत आहे मोजमापाची. ‘चाळीस टक्के रोग’ असे पत्रकात छापले जाते. चाळीस टक्के झाडांवर रोग आहे, की झाडांच्या चाळीस टक्के पानांवर, की पानाचा चाळीस टक्के भाग रोगाने व्यापला आहे? तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या मर रोगात हा प्रश्न उद्भवत नाही. झाड मरते किंवा वाचते. पण करपा, भुरी, तांबेरा यांत शंभर टक्के झाडांवर एकेक ठिपका असणे आणि दहा टक्के झाडे करपून जाणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. गहू संशोधक तांबेऱ्याची नोंद करताना एक सुंदर शिस्त पाळतात. ते आधी फोडांनी व्यापलेल्या भागाची टक्केवारी लिहितात आणि तिच्यापुढे झाडाच्या प्रतिक्रियेचे अक्षर. ‘१० आर’ म्हणजे दहा टक्के भागावर रोग, पण झाड प्रतिकार करीत आहे. ‘८० एस’ म्हणजे ऐंशी टक्के भाग व्यापला गेला आहे आणि वाण रोगाला पूर्ण बळी पडला आहे. तीव्रता वेगळी, नाते वेगळे. दोन चिन्हांत जे सांगता येते ते मराठी पत्रक चार विशेषणांतही सांगत नाही.

कपाशीच्या ‘लाल्या’चे उदाहरण तर याहून बोलके आहे. पाने लाल पडू लागली की ‘लाल्याचा जहाल प्रादुर्भाव’ अशी बातमी येते. पुष्कळदा हा संसर्गजन्य रोगच नसतो. नत्र आणि मॅग्नेशियमची कमतरता, भरलेल्या बोंडांचा ताण, रात्रीचे उतरलेले तापमान यांमुळे उद्भवणारी ती विकृती असते. प्रादुर्भाव कशाचा, आणि जहाल कोण? परंतु ‘जहाल’ हा शब्द एकदा उच्चारला गेला की शत्रू गृहीत धरला जातो आणि शत्रू गृहीत धरला की पंप पाठीवर चढतो.

येथे या शब्दाची तिसरी आणि सर्वांत घातक छटा समोर येते. विषाच्या बाबतीत ‘जहाल’ हा शब्द मराठीत जुना आहे आणि योग्यही आहे. कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक डब्यावर रंगीत चिन्ह असते : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अधिक विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी विषारी. ही वर्गवारी प्रयोगशाळेतील प्राण्यांवरून ठरते. पोटात गेल्यास शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विषाने निम्मे प्राणी मरतात, ते मोजले जाते. लाल चिन्हासाठी ही मात्रा १ ते ५० मिलिग्रॅम, पिवळ्यासाठी ५१ ते ५००, निळ्यासाठी ५०१ ते ५०००, आणि त्याहून अधिक मात्रा लागत असेल तर हिरवे चिन्ह. म्हणजे लाल रंग सांगतो तो फवारणाऱ्याला असलेला धोका. अळी किती लवकर मरेल किंवा बुरशी किती आटोक्यात येईल, याविषयी तो रंग काहीही सांगत नाही. हिरव्या चिन्हाचे औषध किडीवर परिणामकारक असू शकते आणि लाल चिन्हाचे औषध तिच्यावर पूर्ण निकामी ठरू शकते.

तरीही गावोगाव समजूत उलटी आहे. रोग जहाल आहे, म्हणून औषधही जहाल हवे. लाल डबा ‘कडक’, हिरवा डबा ‘फिका’. ही समजूत शेतकऱ्याच्या अज्ञानातून आलेली नाही. कीड, रोग आणि विष या तिघांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या भाषेने ती त्याच्या हातात ठेवली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा बळी घेतला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, दमट हवा, एकापेक्षा अधिक कीटकनाशकांची मिश्रणे, मुखवटे आणि हातमोजे यांचा अभाव अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. एका शब्दामुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दोन-तीन औषधे एकत्र करून ‘जहाल’ द्रावण तयार करण्याची प्रेरणा कोठून येते, याचा शोध घेताना भाषेला निर्दोष ठरवून सोडून देता येणार नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. शेतकरी काही पारिभाषिक कोश उघडून बसत नाही. त्याला समजेल असे लिहावे, आणि ‘जहाल’ हे त्याला समजते. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करण्यासारखा आहे, उत्तरार्ध नाही. शेतकऱ्याची स्वतःची भाषा या बाबतीत शास्त्रज्ञाच्या मराठीपेक्षा बरीच नेमकी आहे. तांबेरा, करपा, भुरी, केवडा, तेल्या, मर ही नावे त्याने लक्षणे डोळ्यांनी पाहून दिली. ‘रोग लागला’, ‘रोग वाढला’, ‘रोग पसरला’, ‘रोगाने पीक धरले’ या चार क्रियापदांत तो प्रादुर्भाव, तीव्रता, वेग आणि हानी वेगवेगळी सांगतो. विशेषणांचा सोस आहे तो लेखी मराठीला, आणि त्यातही इंग्रजी पत्रकावरून रात्रीत मराठी पत्रक तयार करणाऱ्यांना. इंग्रजीतही हाच शब्द वैऱ्याच्या टीकेलाही लागतो आणि रोगालाही; त्याचे मूळ लॅटिनमधील विषवाचक शब्दात आहे. पण तेथील रोगशास्त्रज्ञांनी आपल्यापुरता त्याचा अर्थ बांधून घेतला. मराठीने त्याचा फक्त आवेश उचलला.

शब्द बांधून घेणे अवघड नाही. किती झाडांना रोग लागला, यासाठी ‘प्रादुर्भावाचे प्रमाण’. झाडाचा किती भाग व्यापला, यासाठी ‘तीव्रता’. रोग पसरण्याच्या वेगासाठी ‘आक्रमकता’. विशिष्ट वाणाचा प्रतिकार मोडण्याच्या क्षमतेसाठी ‘जहालपणा’, आणि तोही वाणाचे नाव घेतल्याशिवाय वापरायचा नाही. विषासाठी सरळ ‘विषारी’ म्हणावे आणि डब्याच्या चिन्हाचा रंग सांगावा. ‘प्रतिकारक’ या शब्दालाही हाच नियम हवा. बियाण्याच्या जाहिरातीत वाण ‘रोगप्रतिकारक’ असतो, परंतु कोणत्या रोगाला, कोणत्या वंशाला, आणि कोणत्या वर्षाच्या चाचणीत, हे त्या पाकिटावर सापडत नाही. रोग सहन करून बरे उत्पादन देणारा ‘सहनशील’ वाण आणि रोग लागूच न देणारा ‘प्रतिकारक’ वाण यांना एकाच पंगतीत बसवण्याची प्रथा तर शासकीय पत्रकांतही आहे.

येत्या रब्बीत बंगालच्या उपसागरात एखादे वादळ उठेल, चेन्नईच्या किनाऱ्यावरून पुढे सरकेल आणि मध्य भारतावर विरेल. त्यानंतर काही आठवड्यांनी मराठवाड्यात किंवा विदर्भात कोणाच्या तरी गव्हावर तांबूस फोड दिसतील. त्या वेळी निघणाऱ्या सल्ल्यात ‘जहाल तांबेरा’ एवढेच छापून येईल, की पुढील मजकूर असेल : अमुक तालुक्यात, अमुक वाणावर काळा तांबेरा आढळला आहे, शंभरांपैकी इतक्या झाडांवर, खोडाचा इतका भाग व्यापलेला, वंश तपासणीसाठी नमुना महाबळेश्वरला पाठवला आहे, शेजारच्या तमुक वाणावर रोग दिसलेला नाही, फवारणी करायची असल्यास हे बुरशीनाशक, या मात्रेत, डब्यावरील चिन्ह या रंगाचे, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नव्हे. असा मजकूर छापायला चार ओळी अधिक लागतात.